चार बाजूंना हूक

दांडिया बाजारात आमचं दुकान, दिघे फ्रेमवाले.
देव, डिग्र्या, काचेमागचे आजोबा.
वरची बाजू कुठली,
हे कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

फाइन आर्ट्सची शाल्मली तिला रिक्षातून घेऊन आली.
वाळवंटातली बाई, पार दुसऱ्या गोलार्धातली,
सत्तरीची असेल, पायांत पुरुषी बूट,
बगलेत चटईसारखा गुंडाळलेला कॅनव्हास.
खुर्ची दिली. ती जमिनीवर बसली.

कॅनव्हास उलगडला. ठिपके.
गेरूचे, हळदीचे, चुन्याचे,
मोहरी सांडावी आणि कुणी वेचूच नये तसे.
मी टेप लावली, अठ्ठेचाळीस बाय छत्तीस.
"वरची बाजू?"
शाल्मलीनं इंग्रजीत विचारलं. ती हसली
आणि बसल्या बसल्या सरकत गेली चित्राभोवती,
पूर्ण एक फेरी,
पापड वाळवताना आत्या उन्हामागं सरकायची तशी.
"काका, जमिनीवर काढलेल्याला वर नसतं."

मग बोटानं दाखवलं:
ही एकात एक वर्तुळं, पाण्याची जागा.
हा घोड्याच्या नालेसारखा आकार,
वाळूत बसून उठलेल्या माणसाचा ठसा.
ही आई. ही मावशी. कडेला ती स्वतः.
मी वळून माझ्या गादीकडे पाहिलं.
चाळीस वर्षांत तिथंही तोच आकार पडलाय.

"आणि इथं, मधोमध, इतके दाट का?"
तिनं त्यावर तळहात ठेवला.
खाली आहे काहीतरी. दाखवायचं नसतं.
चिल्या, माझा कारागीर, छोटा उदेपूरकडचा राठवा,
करवत थांबवून एवढंच बोलला,
"आमचे घोडे सगळ्या गावासमोर भिंतीवर काढतात.
कुठला कुणाचा, ते बडवाच वाचतो."

सागवानी चौकट. पाचशे आगाऊ, तेराशे बाकी.
हूक चारही बाजूंना, धंद्यात पहिल्यांदाच.
राहू दे इथंच, म्हणाली, परत येणार आहे.

दोन पावसाळ्यांनी शाल्मलीचा फोन.
ती गेली.
आणि त्यांच्यात रीत आहे, काका,
गेलेल्याचं नाव काही वर्षं घ्यायचं नाही.
कुठं लिहिलं असेल तर झाका.

मी तर गेलेल्यांच्या नावांवरच जगतो.
खाली पितळी पट्टी, आधी कै., मग तारखा,
चंदनाच्या हाराचे पैसे वेगळे.
वही काढली. होतं तिचं नाव,
ऐकलं तसं लिहिलेलं, बहुधा चुकीचंच.
खोडवेना. रेघ मारली की हिशेब मिटतो.
आगकाडीचं मागचं टोक गेरूत बुडवलं
आणि ठिपका, ठिपका,
शेवटच्या काण्यापर्यंत पोचायला दुपार गेली.
चहावर साय धरली.
चिल्यानं दोन गिऱ्हाइकं उद्यावर घातली.

आकडा उघडाच ठेवलाय. बाकी तेराशे.
कुणाकडून, ते ठिपक्यांखाली.

दर दिवाळीला चित्र खाली काढतो,
काच पुसतो, पुढच्या हुकावर लावतो.
यंदा तिची आई छताकडे गेली
आणि पाण्याची जागा आली
सुरसागरच्या बाजूला.
स्टुलावरून उतरत चिल्या म्हणाला,
हां, आता बरोबर लागलं.
गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता.