पट्ट्याचं माप

आदल्या दिवशी सातच्या आत फोन करायचा, हा नियम.
मला ठाऊक असलेली अशी गाडी कोल्हापुरात एकच
आणि तिचा मालक बाबालाल मुजावर
आधी वजन विचारतो, मग नाव.
‘तुमचं नव्हं ओ, खुर्चीचं.’

खुर्ची अठरा किलो, म्हटलं.
माझंही सांगितलं असतं.
एकवीस वर्षं ते या गावातल्या
रिक्षावाल्यांना तोंडपाठ होतं.
काखेत हात, गुडघ्याखाली हात,
‘उचल भावा, एक, दोन’,
कुणाच्या बोटांना तंबाखूचा वास,
कुणी मान फिरवून श्वास धरलेला.
एकानं उचलताना देवाचं नाव घेतलं,
मीही घेतलं मनात, वेगळ्या कारणानं.
पदर सावरायला हात मोकळा नसायचा.
खुर्ची मागं दोरीनं बांधलेली,
तिचं एक चाक हवेत फिरत यायचं
दसरा चौकापर्यंत.

ही गाडी मागून उघडते.
उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतलेली फळी
जमिनीला टेकते तेव्हा ठण्ण वाजतं
आणि गल्लीतली पोरं आधी घसरून घेतात.
मग मी.
पहिल्यांदा चढले, तेव्हा मध्यावर थांबले.
तळहात लाल. वाटलं, आता मागं जाणार.
बाबालाल मागं उभा, हात पाठीशी बांधून.
‘मी हाय. पर चढताय तुम्हीच.’

मीटर तो फळी मिटल्यावरच टाकतो.
‘चढायचे पैसे कसले?’
एवढं म्हणून आरसा नीट करतो.

पण सांगायचं होतं ते पट्ट्याबद्दल.
सुभाषनगरात चपला शिवणाऱ्याकडून करून आणलेला,
चामडी, रुंद, नऊ भोकांचा.
लोंबू नये म्हणून उतरणारा तो अडकवून जातो,
त्यामुळं मला तो मिळतो
दुसऱ्याच कुणाच्या तरी मापावर.
मंगळवारी आठवं. केवढं पोट,
आणि मागं रेंगाळलेला बाम.
शुक्रवारी पहिलं. पोर असणार.
काचेवर, माझ्या खांद्याच्याही खाली,
बोटानं काढलेला मासा.
आणि पहाटे डायलिसिसला जाणाऱ्या आत्या
(बाबालाल एवढंच सांगतो, आत्या):
उन्हाळ्यात पाचवं,
गणपतीत चौथं,
आता तिसरं.

आम्ही कधी भेटलो नाही.
आमची रांग लागत नाही,
उभं राहणार तरी कोण.
एकाच्या उबेवर दुसरा बसतो
आणि दार लागतं.

काल दवाखान्यातून येताना म्हटलं,
बाबालाल, रंकाळ्याकडं वळवा.
‘काम?’
काही नाही.
त्यानं वळवली.
बिनकामाची मी कुठं गेलेच नव्हते.
दोघातिघांना उचलायला लावायचं
तर कारण लागतं:
निदान ताप, निदान बँकेतली सही,
निदान कुणाचं तरी लग्न.

त्यानं पाण्याकडं पाठ करून गाडी लावली
आणि मागचं दार सताड उघडलं.
फळी टाकू का, विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
खुर्ची तेवढी फिरवून घेतली.
पाणी. पाण्यात कमरेएवढा संध्यामठ.
भेळवाला कांदा चिरत होता, डोळे माझे चुरचुरले.
वेटिंग पडत होतं.
पडू दे, म्हटलं.

घरापाशी पट्टा सोडताना विचारलं,
उद्या पहिलं कोण?
‘आत्या.’
फळी ठण्ण वाजली.
‘फोन आला तर. सात वाजून गेलेत,
अजून आलेला न्हाई.’

उतरायच्या आधी मी पट्टा
पुन्हा लावला, रिकाम्या जागेभोवती,
माझ्या सहाव्यावरून काढून
तिसऱ्यावर.