कल्हई

पस्तीस वर्षं मी अक्षरं रंगवली.
गणपती पेठेत हळदीच्या अडतीचे बोर्ड,
ट्रॉलीच्या पाठीवर मालकाच्या मुलींची नावं.
सावली म्हणजे उजवीकडे, खाली,
एक काळी पट्टी, सगळ्या अक्षरांना सारखी.
मग फ्लेक्स आला.

आता एकसष्टाव्या वर्षी
शिकलगार सरांच्या माडीवर बसतो.
समोर जुनं तैलचित्र: अंगणात कल्हईवाला,
भाता, तांब्याचं पातेलं, नवसागराचा धूर,
आणि भिंतीला टेकून थांबलेली एक बाई.
सही नाही. मिरजेच्या कुण्या डॉक्टरांच्या घरातलं.
"हे उतरव," सर म्हणाले, "जसंच्या तसं."

पहिल्या महिन्यात मी धुराला बॉर्डर काढली.
सर हसले नाहीत. माझा अंगठा धरून
ओल्या रंगावर फिरवला.
"कड सोड की लेका. धूर काय पाटी हाय?"
कड धरूनच पोट भरलेल्या माणसाला
असं सांगतात.

पातेल्यात लाल नाही, हे कळायला श्रावण गेला.
निम्मं तांबूस, निम्मं कथलाचं रुपेरी,
आणि मधे, जिथं कापसाचा बोळा फिरतोय,
तिथं एक रंग
ज्याचं नाव माझ्या कुठल्याच डब्यावर नव्हतं.
चाळीसदा पुसला.
बायको म्हणाली, आधी तुमच्या अंगाला रॉकेलचा वास यायचा,
आता जवसाच्या चटणीचा येतो.

चित्राच्या तळाशी आडवी मातकट रेघ होती.
मी तीही काढली, इमानदारीनं.
"ती चित्रकाराची न्हवं," सर म्हणाले,
"तो एकोणीसचा पूर."
आमच्या भिंतीवर ती आहेच,
दोन हात आणखी वर.

मग मार्गशीर्षात एकदा
साडेचारचं ऊन खिडकीतून तिरपं आलं
आणि बाईच्या पदराशी, तपकिरी अंधारात,
रंग जरा उंच दिसला.
बोट फिरवलं.
डोकं. पाठ. वर धरलेला हात.
कुणीतरी लहान होतं तिथं, पदर ओढणारं,
आणि ज्यानं काढलं त्यानंच
अंबरचे जाड थर देऊन झाकलं होतं.
का, ते चित्रात नाही.
पण बाईचा डावा खांदा खाली कललेला आहे,
जो मी तीन महिने सरळ करत होतो.

सर चष्मा काढून बराच वेळ बघत राहिले.
"झाकलंय न्हवं त्यानं?
मग आपण बी झाकलेलंच उतरवायचं."

हो म्हणालो.
पण सर जतला लेकीकडं गेले त्या रविवारी
माझ्या कॅनव्हासवर मी ते पोर काढलं.
पिवळं झबलं, तेलानं चोपलेले केस,
पायात एकच वाळा, का कोण जाणे.
चेहरा मला ठाऊक नव्हता,
पाठमोरंच ठेवलं.
दहा दिवस वाळू दिलं.
रोज बोट लावून बघायचो,
अजून चिकटतंय.

अकराव्या दिवशी बोर्डाचा जुना रुंद ब्रश घेतला
आणि वरून खाली
अंबरचे दोन हात दिले.

सरांनी कॅनव्हास खिडकीशी नेला,
उन्हात तिरपा धरला,
माझ्याकडं बघितलं.
"खांदा बरोबर आला बघ आता," म्हणाले.