गोणपाट

शाणूबाबाने दुकानातूनच हाक मारली,
"कोंबड्या मेल्या काय गो तुझ्या?
दोन महिने खाद्याला आली नाहीस."
मी नाही म्हटलं आणि पिळगावच्या बांधाला लागले.

काय सांगणार होते?
योजनेतल्या त्या आठ पांढऱ्यांनी
पहिले तीन दिवस संप केला.
पोत्याचा दोरा सर्रकन सुटेल म्हणून
माझ्या हाताकडे बघत बसल्या,
कोंड्यात कालवलेली पेज तुडवली.
फक्त भाटकारीण,
मानेवर पीस नसलेली ती गावठी,
जिला मी हिशेबातही धरत नव्हते,
माडाच्या आळ्यात शिरली
आणि मागे न बघता उकरू लागली.
चौथ्या दिवशी एक पांढरी तिच्या मागे गेली.
मग मीही.

आता आमचं घड्याळ भरतीचं.
अष्टमीला काही नाही.
अमावास्येला मानशीवरचा नरसू जाळं झाडतो,
विकायला लाज वाटावी अशी कोळंबी,
नखाएवढे कुर्ले माझ्या टोपात ओततो.
बदल्यात चहा. साखर जास्त.
पत्र्यावर सुकवते, कावळ्यांसाठी
सासूची मोडकी छत्री उघडून ठेवते.

तिसऱ्यांच्या शिंपल्या आधी भाजायच्या, मग कुटायच्या.
कच्च्या कुटल्या तर माझेच दात शिवशिवतात.
फणसाच्या आठळ्या उकडते त्यांच्यासाठी,
निम्म्या मीच खाते.

बोंडूंच्या दिवसांत भट्टीवरचा चोथा आणला एकदा.
दुपारी कोंबडा कुंपणाला सलाम ठोकत होता,
एकीने चालता चालताच अंडं टाकलं.
तेव्हापासून चोथा ताजाच आणते, लगेच वाळवते.

आणि वाळवी.
ओलं गोणपाट, त्यात शेण,
संध्याकाळी रोयणीच्या पायथ्याशी ठेवायचं;
सकाळी उचललं की खालून पांढरं, हलतं.
पण सांतेरीच्या देवळातल्या रोयणीपाशी नाही.
तिथे एकदा भाटकारीणच उकरत होती,
बाजूला कुंकू, अबोलीचा वळेसर.
मी दगड उचलला.
मग खाली ठेवला.
त्या दोघींची ओळख माझ्याहून जुनी असेल.

एवढंच की वाळवी गोणपाटही खाते.
चार संपली.

आज शाणूबाबाच्या पायरीवर चढले
तसा त्याचा हात तराजूकडे गेला.
"किती किलो?"
"रिकामं गोणपाट आहे? तांदळाचं?
प्लास्टिकचं नको."
तो बघत राहिला. आत गेला,
उंबऱ्यावर एक झटकलं, धूळ उडाली,
पैसे सांगावेत की नाहीत ते त्याला ठरेना.

मी पदरातली दोन अंडी
तराजूच्या पारड्यात ठेवली.
पारडं थोडं खाली गेलं.

एक अंडं लहान होतं.
भाटकारणीचं.