एकाच बाजूचा शेंबूड

जानेवारीत उलानबातरला उजाडत नाही,
धूर थोडा पांढरा होतो, इतकंच.
टेकडीवरच्या वस्तीत घरटी एक कोळशाची शेगडी
आणि घरटी निदान एक वाहतं नाक.

दवाखान्याच्या बाकावर
टोप्या, फरचे बूट, शिंका.
मी दिवसभर तेच ते सांगते:
हा विषाणू. पाहुणा आहे,
आठ-दहा दिवस राहील, आपल्या पायांनी जाईल.
शेंबूड हिरवा झाला म्हणून घाबरू नका,
आत लढाई चालू आहे, एवढंच त्याचं म्हणणं.
बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर या.
डोळ्याभोवती सूज आली, तर मध्यरात्रीही या.

गोळ्या द्या म्हणतात.
देत नाही.
मग लुवसानकाका छडी आपटत जातात
आणि बाजारातून अर्धं पाकीट
स्वतःच घेऊन येतात.

कपाळात, गालांत, नाकाच्या मुळाशी
हाडांच्या आत रिकाम्या खोल्या आहेत,
हे मी तंबूवरून समजावते.
माथ्याला गोल भोक असतं ना, धूर जायला?
ते बर्फानं बुजलं तर?
यावर कुणी उत्तर देत नाही.
सगळे खोकून दाखवतात.

मग सोलोंगो आली. तिसऱ्यांदा.
कडेवर अडीच वर्षांचा इतगेल,
लोकरीत गुंडाळलेला, बाहेर फक्त नाक.
दोनदा सायनस म्हणून औषध झालेलं.
दुसऱ्या चिठ्ठीवरचं अक्षर
माझं होतं.

"पोर गोड आहे हो माझं," ती म्हणाली,
"पण त्याच्या तोंडाजवळ तोंड नेववत नाही."
आणि रडली नाही. लाजली.
आईला आपल्याच लेकराची किळस यावी
याची लाज.

वास खरंच होता,
ओल्या कातड्याचा, विसरलेल्या भांड्याचा.
मी इतगेलची हनुवटी उचलली
आणि या वेळी पाहिलं.

उजवी नाकपुडी वाहत होती.
डावी कोरडी. ठणठणीत.

सर्दीला डावं-उजवं कळत नाही,
ती आली की दोन्ही दारांतून येते.
हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवलंय,
खडू आपटून शिकवलंय.

"नवरा काय करतो तुझा?"
"गालसान? चिलगोजे विकतो.
बाजाराच्या तोंडाशी, पेल्यानं मापून."
घरात पोतं कुठे असतं, हे मी विचारलं नाही.

"त्याच्या तोंडाला तोंड लाव," मी म्हटलं,
"पापी घेतेस तसं. घट्ट.
मी डावी नाकपुडी दाबते.
तू फुंकर घाल. एकदाच, दणकून."

तिनं डोळे मिटले.
दोन आठवड्यांनी आईचं तोंड
लेकराच्या तोंडाजवळ गेलं.

पहिल्यांदा काहीच नाही.
इतगेलला तो खेळ वाटला, तो हसला,
आणि हसण्यात सगळी हवा वाया गेली.

दुसऱ्यांदा
पटकन काहीतरी उडून
सोलोंगोच्या गालाला चिकटलं:
फुगलेला, काळपट, बुळबुळीत
एक चिलगोजा.

नाक दाबलं की तोंड उघडतं, असं म्हणतात.
इथे तोंडानं नाक उघडलं.
तो एक लांब श्वास,
उजव्या बाजूनं, शिट्टीसारखा,
बाकावरच्यांनीही ऐकला.

तिनं गाल पुसायच्या आधी
त्याची पापी घेतली, आता खरी.

मी दुसरी नाकपुडी तपासली,
दोन्ही कान तपासले,
मग मूठ उघडायला सांगितली.
मुठीत आणखी दोन होते.

चिठ्ठीवरचं "सायनस" मी खोडलं,
एका रेघेत, वाचता येईल असं.
खाली तारीख घातली.

"पुढचे," मी हाक मारली.
लुवसानकाका, छडी, मफलर, नाक.
त्यांनी काही बोलायच्या आत
मी विचारलं,
"दोन्ही बाजूंनी वाहतंय ना?"