मोजपट्टी

उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात 'जब्बार पेंटर',
तेवढीच सही मी आयुष्यभर केली.
जालन्यातल्या दुकानांवर, टेम्पोंच्या पाठीवर,
आणि सोनखड्याच्या पाझर तलावावर, सांडव्याच्या भिंतीला,
जिथं पाटबंधारेवाल्यांनी एकदा
पाणी मोजायचे आकडे रंगवून घेतले.
काळ्यावर पांढरे, शून्य ते बारा,
फुटाफुटाला एक.

शून्य सगळ्यात खाली. गाळात बसून काढलं.

हा तलाव बहात्तरच्या दुष्काळातला.
अम्मीनं इथं माती वाहिली, मी पोटात.
मजुरीला सुकडी, घरी मिलोची लाल भाकर.
म्हणायची, तुझ्या हाडांत या पाळूचा मुरूम हाय,
म्हून तू वाकत नाहीस.
मी वाकतो, अम्मी.
शिडीवर वाकल्याशिवाय वेलांटी येत नाही.

गेल्या दिवाळीला साहेबांचा माणूस आला.
गायरानाच्या कडेनं पत्र्याचं कुंपण झालं होतं, लांबच लांब,
त्यावर लिहायचं:
नीलजल सिटी. तळ्याकाठी तुमचं घर.
चौदाशे फ्लॅट, क्लब हाऊस, होडीविहार.
फुटाला बारा रुपये. घेतले.
'तळ्या'तल्या ळ ला जरा जास्तच गोल पोट दिलं.
वाटलं, पाणी मावेल.

आठच दिवसांनी रात्री भीमनगरचा संतुक आला,
मागं चार-पाच पोरं.
चाचा, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून द्या:
नाला वळवला तर पूर आमच्या घरात.
बोअर सातशे फुटांवर गेले, अजून किती?
सुनावणी मंगळवारी, अकरा वाजता.
निळा उरला होता, त्याच डब्यातला.
सही दोन्हीकडे केली.

सुनावणीला मंडप त्यांचा, खुर्च्या त्यांच्या, चहाही.
पडद्यावर नकाशा. तलाव होता तिथं फिकट पिवळा रंग.
इंजिनिअर म्हणाला, आठ महिने इथं पाणीच नसतं,
मग याला तलाव म्हणायचं कशाला?
आसराबाई उठली. माईक धरायची सवय नाही,
हनुवटीला टेकवून बोलली,
'पीठ संपलं म्हून
कुणी परात मोडीत घालतं का, बापा?'
लोक हसले. इंजिनिअरही हसला.
इतिवृत्तात ना हसणं आलं, ना परात.
'सूचनांची नोंद घेण्यात आली.'

सरपंचाचा चुलता म्हणाला,
गुंठ्याला भाव येतोय तर येऊ द्या की.
पोरं पुण्याला जाऊन वॉचमन होतात,
इथंच होतील.
यावर कुणी बोललं नाही. अर्धं खरं होतं ते,
आणि अर्धं खरं जास्त बोचतं.

माघात टिप्पर सुरू झाले.
तिसरा टिप्पर माझ्या भाच्याचा, इरफानचा.
हप्ते आहेत, मामू, म्हणाला. मी कुठं काय विचारलं होतं.
भराव सांडव्याकडून टाकतात.
शून्य गेलं. एक गेला. दोन आणि तीन
एकाच रात्रीत.

संतुक रोज सकाळी फोटो काढतो, तारखेसकट.
वकिलानं सांगितलंय.
काल म्हणाला, चाचा, आकडे पुसट झालेत,
फोटोत येईनात.

म्हणून डबा घेऊन गेलो.
चार अर्धा गाडला होता, वरचा भाग तेवढा केला.
मग पाच, सहा, सात.
इरफाननं टिप्पर उभा केला, इंजिन चालूच,
केबिनमधून बघत राहिला.
भराव ओतला नाही. खाली उतरा, असंही म्हणाला नाही.
सूर्य पाळूमागं जाईस्तोवर बारावर आलो.
वर हातभर भिंत कोरी होती.
तिथं तेरा लिहिला.
तेरा फूट पाणी या तलावानं
माझ्या जन्मात पाहिलेलं नाही.

सही खालच्या कोपऱ्यात करतात.
तो कोपरा आता भरावाखाली आहे.
वरच केली, तेराशेजारी,
नेहमीपेक्षा थोडी मोठी.