खापर

पाचव्या दिवशी मी जिरेनियम उपटलं.
मातीच्या दोन कुंड्या हव्या होत्या, एकात एक बसणाऱ्या,
आणि घरात तेवढ्याच होत्या.
झाड ठेवलं सुपाच्या पातेल्यात,
मुळांना ओला पेपर गुंडाळून.
"थोडेच दिवस," म्हटलं त्याला,
जसं वीज कंपनी आम्हाला म्हणत होती.

बाहेर रिशल्यू नदीचा काठ सगळा काचेचा झालेला.
पाऊस पडता पडता गोठायचा.
तारांवर मनगटाएवढा बर्फ,
आणि खांब एकामागून एक गुडघ्यांवर येताना
रात्री अंथरुणात ऐकू यायचे.

ओव्हीदच्या डब्यात बोल्ट सापडला, वीतभर.
तो गेल्यापासून त्या डब्याला मी हात लावला नव्हता.
मोठी कुंडी पालथी, बोल्ट तिच्या भोकातून खाली,
मग वॉशर, मग नट,
मग धाकटी तिच्या पोटात,
पुन्हा वॉशर, पुन्हा नट.
पान्याने नाही, हातानेच आवळायचं. माती तडकते.
चार विटांवर ती घंटा टेकवली,
खाली पावाच्या साच्यात चार बुटक्या मेणबत्त्या,
आणि खिडकी बोटभर उघडी.
थंडी निदान दात वाजवून येते,
कोंडलेली हवा सांगून येत नाही.

तासाभराने कुंडी तापली.
किती? तर तापकरी पोराच्या कपाळाइतकी.
खोलीला त्याची खबरच नव्हती.

आठला दार वाजलं.
तेलेस्फोर ब्रास्सार.
अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
त्याच्या मेपलची फांदी, माझ्या शेडचं छप्पर,
आणि दोघांनी एकमेकांच्या माथी फोडलेलं खापर.
आता त्याच्या हातात बुटांचं खोकं,
चर्चमधल्या अर्ध्यामुर्ध्या मेणबत्त्यांनी भरलेलं,
मागे त्याची लंगडी कुत्री, अंगात त्याचाच स्वेटर.
"उजेड दिसला," म्हणाला.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.

चाळीस वर्षं गावातल्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस.
कुंडीभोवती एक फेरी मारली,
हातमोजा काढून तळवा टेकवला.
"ही ऊब तयार करत नाही, रेजान.
मेणात असते तेवढीच. ही नुसती धरून ठेवते
आणि सावकाश सोडते.
चारांची मिळून जेमतेम शंभराच्या बल्बएवढी."

मला राग आला.
पाच दिवसांत माझ्या हातून झालेली ही एकच गोष्ट.
"मग ऊब आणखी कशाने येते, ते सांगा."

त्याने छताकडे बघत विचार केला,
फळ्यासमोर करत असेल तसा.
"नुसता बसलेला माणूस," म्हणाला, "तीन मेणबत्त्या."
"आणि कुत्री?"
"दीड. लठ्ठ आहे."

मी दुसरी खुर्ची ओढली.
दाराला रजई खिळ्यांनी ठोकली, खोली लहान केली.
एका विझत आलेल्या वातीवरून दुसरी पेटवायची,
आळीपाळीने डोळा लावायचा.
एकाने जागं राहायचंच, हे न ठरवता ठरलं.
बोलणं म्हणाल तर फारसं नाही.
एकदा त्याने ओव्हीदच्या पायांबद्दल विचारलं,
शेवटी शेवटी सुजायचे का.
मी हो म्हटलं.

तिसऱ्या रात्री मोठी कुंडी तडकली.
टक्. एवढंच.
वात त्याने नुकतीच बदलली होती,
नट मी आवळला होता.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
आणि कुणीच कुणाला काही म्हणालं नाही.

नवव्या दिवशी फ्रिज घरघरला
आणि सगळे दिवे एकदम अंगावर आले.
आम्ही दोघं किती पारोसे दिसत होतो!
त्याने कोट चढवला, कुत्रीला हाक मारली.
"फांदीचं बघतो," दारातून म्हणाला.

अजून बघितलेलं नाही.
सुपाचं पातेलं मात्र गेलं ते गेलंच.
जिरेनियमला तेच मानवलं आहे.