तिसरी पायरी

तालुक्याहून कागद आला:
'प्रतिभावान विद्यार्थी, जास्तीत जास्त चार,
सोमवारपर्यंत नावे कळवावीत.'
पट छत्तीसचा.
चहा निवायच्या आत मी चौघं निवडले.

एकोणतीसचा पाढा उलटा म्हणणारा शार्दूल,
पोस्टमास्तरांची रेवा, अक्षर छापल्यासारखं,
आणि टिकमांचे जुळे,
प्रश्न पुरा व्हायच्या आत ज्यांचे हात वर
(उत्तर येत असो, नसो).

निशिगंधा मेतर सुचलीच नाही.
ती खिडकीकडे बसते,
हजेरीला 'हजर' म्हणायला विसरते,
भागाकाराचं उत्तर लिहिते, पायऱ्या लिहीत नाही.
अर्धे गुण मी नियमानं कापतो.
प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात आहे:
'लक्ष देत नाही.'

शनिवारी शाळा सुटताना ती टेबलाशी आली.
"गुरुजी, बुधवारी चवथ.
साडेआठाक निघालात तर रेवेत रुततलात.
सवादहाक सुटतलात."
मी म्हणालो, बरं.
मोठ्या माणसांचं असतं ना, तसलं बरं,
ज्यात काहीच ऐकलेलं नसतं.

मी घाटावरचा. विहिरीत पोहायला शिकलो.
पाणी माझ्या लेखी ठेवलं तिथं राहणारी वस्तू.

बुधवारी पावणेनऊला
खाडीच्या मधोमध होडीनं खालून खरवडल्यासारखा आवाज केला
आणि थांबली.
पलीकडे एसटी उभी होती, दिसत होती.
आबी सारंगानं वल्हं रोवून पाहिलं, विडी पेटवली.
"ह्यां मेतराचां पोर माकाय सांगी होतां," तो म्हणाला,
"माका वाटलां, पोराक काय कळता."
रेवाच्या पांढऱ्या मोज्यांवर चिखलाचा एक थेंब.
शार्दूल पाढा म्हणत राहिला, घाबरून.

वेळ घालवायला मी तपासायच्या वह्या काढल्या.
तिची हाती आली, उलटी.
मागच्या पानांवर, दिवाळीपासून कालपर्यंत:
तिथी, वार,
धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं ती वेळ,
पायरी उघडी पडली ती वेळ,
आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये एक टिंब.
एका पानाच्या डोक्यावर
तिथीची पाऊणपट, जी इथं शेंबडं पोरही सांगतं.
ती तिनं खोडलेली नव्हती.
शेजारी नुसतं लिहिलं होतं: आणि चाळीस मिनिटं.

मी बोटांवर मोजू लागलो.
चारचे पाऊणपट तीन. तीनला भरती,
म्हणजे पावणेनऊच्या सुमाराला पुरती ओहोटी,
त्यात चाळीस मिळवले, साडेनऊ.
पावणेनऊला रुतलो, साडेनऊला पाऊण तास;
पलीकडे तेवढाच पाऊण तास मांडला
आणि पुढचं मोजायला मन होईना.
कारण त्याच पानावर, आडवी,
लाल शाईतली माझी ओळ होती:
'मागील पानांवर रेघोट्या नकोत.'
खाली सही. तारीख.
दोन पानांनंतर पुन्हा तीच.

होडी हलली तेव्हा माझ्या घड्याळात
दहा वाजून सतरा मिनिटं.
घड्याळ दोन मिनिटं पुढे असावं.

एसटी केव्हाच गेली होती. केंद्रावर
प्रतिभेची घंटा दहाला वाजली असणार.
जुळ्यांनी एकदम विचारलं, "गुरुजी, आता?"
त्यांचे हात खालीच होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला विचारलं,
चाळीस का?
ती माझ्याकडे न बघता, खिडकीकडे:
"पंचांग दर्यासाठी. हय पाणी वळान येता,
तेका येळ लागता."

मग ती बसली. भागाकार पुढे चालू झाला.

संध्याकाळी मी धक्क्यावर गेलो.
दप्तर पायरीवर ठेवून ती उभी होती, नेहमीची असावी तशी,
माझं येणं तिनं कुठंच नोंदवलं नाही.
पाणी उतरत होतं. मी बराच वेळ पाहत राहिलो.
तिसरी पायरी कुठली,
वरून मोजायची की खालून,
हेही मला तिलाच विचारावं लागलं.